जावयाची वही

मी उंदीर मारतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे कुणी 'तुम्ही काय करता हो?' असं विचारून पंचाईत करत नाही. चोवीस वर्षं झाली. बेकऱ्या, धान्याची गोदामं, शाळांची स्वयंपाकघरं, एकदा तर एक वाचनालय. कंपनीचा निळा डगला, त्याला दोन मोठे खिसे, पाठीवर कंपनीचं नाव. लोक फोनवर माझ्या अगदी नाकदुऱ्या काढतात आणि दारात आलो की कपाळाला आठ्या घालतात. मला त्याचं काही वाटत नाही. म्हणजे वाटायचं, आता सवय झाली आहे.

तर अशा माणसाच्या घरात दोन वर्षं एक उंदीर राहत होता. पिंजऱ्यात कमी आणि माझ्या अंगावर जास्त.

त्याचं नाव जावई. ते मीच ठेवलं. लेकीनं दोन पिल्लं आणली तेव्हा त्यांची काहीतरी गोड-गोड नावं होती. पण हा राखाडी पाठीचा आल्या दिवसापासून खुर्चीत मधोमध बसायचा, समोर ठेवलेल्यातलं सगळ्यात चांगलं निवडून खायचा आणि वर नाक मुरडायचा. मी म्हटलं, "लग्नाआधीच जावई आणलास घरात." ती चिडली, मग हसली, आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. त्याचा भाऊ मागच्या हिवाळ्यात छातीच्या दुखण्यानं गेला. तेव्हापासून हा एकटा पडला आणि माझ्या खिशात राहायला शिकला. मी पेपर वाचत असलो की बाहीतून वर चढायचा आणि खिशात उतरून झोपायचा. मोजे, रुमाल, चष्म्याचं घर, सगळं आत ओढून न्यायचा.

ही पिल्लं आली कशी तेही सांगतो. लेकीची आई गेल्यावर घरात आम्ही दोघंच उरलो. एके दिवशी हिनं माझी कामाची पिशवी उघडली. त्यात त्या दिवशीचे मेलेले पाच-सहा होते. त्यानंतर चार महिने ती माझ्याशी बोलली नाही. 'मीठ दे' एवढंही नाही. उठून स्वतः घ्यायची. मग एका संध्याकाळी पुठ्ठ्याचं खोकं टेबलावर ठेवून म्हणाली, "हे दोघं इथे राहणार. चालत नसेल तर मीही जाते." मी म्हटलं, चालेल. दुसरं काय म्हणणार होतो? चार महिन्यांनी तिच्या तोंडून निघालेली ती पहिली दोन वाक्यं होती. तिनं शिव्या दिल्या असत्या तरी मी चालेलच म्हटलं असतं.

मग आमचा तह झाला. कामाचा डगला आणि पँट जिन्यावर, दाराबाहेरच्या खिळ्याला. घरचे कपडे तिथेच पिशवीत. नळाखाली कोपरापर्यंत हात, साबणानं, दोनदा. मगच आत. शेजारीण बाई पहिल्यांदा मला जिन्यात अर्ध्या चड्डीवर बघून किंचाळली होती. नंतर तीही सरावली. "आज उशीर झाला हो," म्हणत मान वळवून खाली जायची.

मागच्या वर्षी लेक नर्सिंग शिकायला दुसऱ्या शहरात गेली. हॉस्टेलवर जावयाला प्रवेश नाही. म्हणून जाताना तिनं माझ्याकडे एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा दिला आणि एक वही. डब्यात कापूस, गॉझ, बिनसुईची बारीक पिचकारी, सलाइनची छोटी बाटली, कॉर्नफ्लोअरची पुडी, गरम पाण्याची लहान पिशवी. वहीत, जावयाला काही झालं तर काय करायचं ते. पहिल्या पानावर आमचा तह, खाली दोन रेघा ओढून: 'आधी कपडे, मग हात, मग घर. कधीही चुकवायचं नाही.' पुढे एकेका पानावर एकेक संकट. पडला तर हलवून बघू नकोस, अंधाऱ्या उबदार डब्यात ठेव. उन्हानं तापला तर बर्फ नको, पायांना आणि शेपटीला ओला रुमाल. गळून पडला असेल तर तोंडात पाणी ओतू नकोस, ते छातीत जातं. डोळ्याभोवती, नाकाशी लाल दिसलं तर लगेच घाबरू नकोस, उंदराच्या डोळ्यांचं पाणीच लाल असतं. पण ओल्या पांढऱ्या कापसानं पुसून नीट बघ, रक्त तर नाही ना.

एका पानावर लिहिलं होतं: 'विषारी काही खाल्लं तर घरी काहीही करत बसू नकोस. उंदराला उलटी होत नाही. पाकीट घेऊन सरळ डॉक्टर. वेळ घालवू नकोस.'

हे वाचून मी मनाशी हसलो होतो. उंदराला ओकता येत नाही हे मला ती जन्मायच्या आधीपासून माहीत. कामावर लागलो त्या पहिल्या आठवड्यात आमच्या मुकादमानं हेच शिकवलं होतं, की बाबारे, याला ओकता येत नाही, म्हणून आपलं पोट चालतं. दुसरी गोष्टही त्यानंच शिकवली. आमच्या विषाच्या गुलाबी दाण्यांनी उंदीर लगेच मरत नाही. लगेच मेला तर बाकीचे शहाणे होतात. दाणा खाल्ल्यावर तो एक-दोन दिवस हिंडतो, फिरतो, काही कळत नाही. आतल्या आत रक्ताची गोठायची ताकद संपत जाते. मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुठे साधं खरचटलं तरी ते थांबत नाही.

लेक दर रविवारी सहाला फोन करायची. ड्युटी, वर्ग, मैत्रिणी यांतून तिला तेवढाच वेळ निघायचा. जे घडलं त्याच्या आदल्या रविवारी मी कामावरून उशिरा आलो आणि तिचा फोन हुकला. उलट केला तर ती वॉर्डात. सबंध आठवडा मी दात काढलेल्या जागी जीभ लावत बसावं तसा काढला. पुढच्या रविवारी एका बेकरीचं काम होतं. बेकरी बंद असते त्याच दिवशी त्यांना हे काम हवं असतं. मोबाइल घरी चार्जिंगला राहिला होता. मी दोन-दोन पायऱ्या चढत वर आलो तर आत फोन वाजत होता.

मी खिळ्याकडे बघितलं. मग दाराकडे. आणि कुलूप काढून तसाच आत धावलो.

"काय करतोस बाबा? धापा का टाकतोयस?"

"म्हातारा झालो. तू सांग, जेवतेस का नीट?"

ती सांगत सुटली. कुणा आजोबांना तिनं पहिल्यांदा सुई टोचली, हात थरथरला नाही, आजोबा म्हणाले, पोरी तुझा हात हलका आहे. मी खुर्चीत बसून ऐकत होतो. मला इतकं बरं वाटत होतं की अंगात काय आहे याचं भानच नव्हतं. जावई खुर्चीवरून माझ्या मांडीवर आला, आणि तिथून नेहमीसारखा खिशात.

"आणि जावई कुठेय?" तिनं विचारलं.

"कुठे असणार? खिशात बसलाय. काहीतरी कुरतडतोय मेला."

ती हसली. खूप हसली. "लाडावून ठेवलायस," म्हणाली.

फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं. मी त्याला बाहेर काढलं, डगला जिन्यात नेऊन टांगला, हात कोपरापर्यंत धुतले, दोनदा. खिशात बघितलं नाही. बघितलं असतं तर बेकरीत फाटलेली पुडी, नंतर कंपनीला परत द्यायची म्हणून खिशात टाकलेली, सापडली असती. मी का बघितलं नाही याचं उत्तर माझ्याकडे आहे आणि ते चांगलं नाही. मला ठाऊक करून घ्यायचं नव्हतं.

सोमवार गेला, मंगळवार गेला. जावई खात होता, चढत होता. मी मनातल्या मनात सुटकेचा निःश्वास टाकला. बुधवारी तो सुस्त वाटला आणि नाकाशी लाल दिसलं. मी वही काढली. 'लगेच घाबरू नकोस' एवढं वाचलं आणि वही मिटली. कापसाची ओळ वाचली नाही. माझी लेक इतकं नीट लिहिते, आणि मी त्यातलं मला हवं तेवढंच वाचलं.

गुरुवारी सकाळी पिंजऱ्यातल्या झोळीच्या दोऱ्यात त्याचं मागच्या पायाचं नख अडकून तुटलं. थेंबभर रक्त. मी लेकीला फोन लावला. ती ड्युटीवर निघायच्या बेतात होती.

"मोबाइल कपाला टेकव बाबा. तुझे दोन्ही हात दिसू देत मला. घाबरू नकोस."

"घाबरतोय कोण?"

"तूच. त्याला टॉवेलात गुंडाळ. डोकं बाहेर राहू दे. घट्ट नको, छाती दाबली की त्याला श्वास घेता येत नाही. हां. आता चिमूटभर कॉर्नफ्लोअर नखावर. दाब. दोन मिनिटं उचलून बघायचं नाही."

मी बघितलं.

"बघितलंस! दोन मिनिटं म्हणजे दोन मिनिटं."

ती समोर घड्याळ धरून बसली होती. तिचा आवाज मोठ्या नर्सबाईसारखा झाला होता आणि त्या तशा प्रसंगातही मला अभिमान वाटला. दोन मिनिटं झाली. रक्त थांबल्यासारखं दिसलं. मग पांढऱ्या पिठातून गुलाबी वर आलं, मग लाल.

"परत दाब. होतं कधी कधी असं." तिनं घड्याळ खाली ठेवलं. "बाबा, त्यानं भलतंसलतं काही खाल्लं नाही ना?"

तिचा चेहरा त्या एवढ्याशा काचेत होता. केस बांधलेले, पांढरा गणवेश. मला ते टेबल आठवलं, ते चार महिने, स्वतः उठून घेतलेलं मीठ.

"नाही," मी म्हणालो. "रोजचंच."

"मग थांबेल. दाबत राहा. मला जायला हवं, दुपारी फोन करते."

तिनं फोन ठेवल्यावर मी जिन्यात गेलो आणि खिशात हात घातला. फाटकी पुडी होती, आणि टरफलं. उंदीर दाणा सोलून खातो. गुलाबी टरफलं अगदी नीट सोललेली, एका कोपऱ्यात जमा केलेली.

त्या क्षणी निघायला हवं होतं. वहीत लिहिलं होतं, आणि वही नसती तरी हे माझ्याइतकं पक्कं शहरात दुसऱ्या कुणाला माहीत होतं? पण डॉक्टरकडे जायचं म्हणजे बोलायचं. आणि एकदा बोललो की ते लेकीपर्यंत जाणार. म्हणून मी टेबलाशी बसलो आणि दाबत राहिलो. कामावर गेलो नाही. पीठ लावायचं, दाबायचं, दोन मिनिटं. तो माझ्या मुठीत नाक हलवत बसला होता. मधूनच माझा अंगठा चाटायचा. मी त्याला म्हणत होतो, थोडंच खाल्लंयस रे, तू केवढा मोठा आहेस, एवढ्यानं तुला काय होतंय. चोवीस वर्षांत मी असं एकाही उंदराबद्दल म्हटलं नव्हतं, कारण ते खरं नसतं.

दुपारी तिचा मेसेज आला. 'थांबलं?' मी लिहिलं, 'थांबलं.'

तीनच्या सुमारास टॉवेल खालून ओला लागला. त्याचे पंजे पांढरे पडले होते. तेव्हा मी उठलो. बिस्किटांचा डबा रिकामा करून त्यात टॉवेल घातला, बाजूला गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून ठेवली, झाकण अर्धं लावलं आणि खिशात पुडी घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बाकड्यावर सगळ्यांची कुत्री-मांजरं. डब्यात काय आहे विचारल्यावर एक गृहस्थ दोन जागा सरकून बसले.

डॉक्टरीणबाईंना मी सगळं सांगितलं. त्यांना सांगणं सोपं गेलं. त्यांनी पुडी वाचली, माझ्या पायातल्या कंपनीच्या निळ्या बुटांकडे बघितलं. इंजेक्शन दिलं.

"याला वेळ लागतो लागू पडायला," त्या म्हणाल्या. "सकाळी का नाही आणलंत?"

मी म्हटलं, "नुसतं नख तुटलंय असं वाटलं."

तिथेही खोटं.

शुक्रवारी दुपारी बाराच्या आसपास तो गेला. माझ्या घरच्या सदऱ्याच्या खिशात होता. आत काही हललं, मग हललं नाही. मी बराच वेळ तसाच बसून राहिलो, कारण उठलो असतो तर त्याला बाहेर काढावं लागलं असतं. मी किती उंदीर हातानं उचललेत त्याची गणती नाही. हा एक मला उचलवेना. मी मोठ्यानं रडलो. शेजारीण बाई दार वाजवून गेली तरी रडत होतो.

संध्याकाळी लेकीला फोनवर एवढंच सांगितलं की रक्त परत सुरू झालं आणि तो गेला. ती शनिवारी सकाळच्या गाडीनं आली. आम्ही त्याला मागच्या बाजूला, झाडाखाली पुरलं. ती रडली नाही. वर आल्यावर टेबलाशी बसली, डब्यातल्या वस्तू परत नीट लावल्या, कॉर्नफ्लोअरची उरलेली पुडी हातात घेतली आणि मग तिचा बांध फुटला.

"माझ्यामुळे झालं, बाबा. मी दाब-दाब म्हणत बसले. दोनदा लावून थांबलं नाही म्हणजे आत काहीतरी आहे, एवढं मला कळायला हवं होतं. माझ्यासमोर होता तो. आणि मी घड्याळ बघत होते." नाक पुसून म्हणाली, "मला नाही जमायचं हे. उद्या माणसं असतील समोर. मी जाऊन नाव काढून घेते."

त्याचं वय झालं होतं, असं म्हणता आलं असतं. ओठावर आलंही होतं. दोन वर्षांचा उंदीर म्हणजे म्हाताराच. तिनं विश्वास ठेवला असता, आणि तरी सोमवारी जाऊन नाव काढलंच असतं. त्या आजोबांनी हलका म्हटलेला हात.

मी उठलो. देवळीत काडेपेटी ठेवली होती ती आणून तिच्यापुढे उघडली. आत गुलाबी टरफलं.

तिला कळायला वेळ लागला नाही. माझीच मुलगी ती.

"कधी?"

"रविवारी. डगला अंगात होता."

"जिन्यात नाही काढलास?"

"विसरलो."

"तू नाही विसरत." ती टरफलांकडे बघत होती. मग मान वर केली. "मी गुरुवारी विचारलं होतं तुला."

"हो."

"तू नाही म्हणालास."

"हो."

"तेव्हाच नेलं असतंस तर?"

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सकाळी आणायला हवं होतं."

मला वाटलं होतं, खरं सांगितलं की तिच्या डोक्यावरचं ओझं उतरेल आणि सगळं माझ्यावर येईल, आणि येऊ दे. पण ती काहीतरी मोजल्यासारखी ओठ हलवत होती.

"रविवारी सहाला," ती हळूच म्हणाली. "फोन वाजत होता. म्हणून धापा टाकत होतास." मग म्हणाली, "खिशात काहीतरी कुरतडतोय म्हणालास. आणि मी हसले, बाबा."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेलो आणि मध्येच थांबलो. तिनं तो हात धरला नाही आणि झटकलाही नाही.

रात्री आम्ही जेवलो. मीठ तिनं उठून स्वतः घेतलं. सकाळी लवकर निघाली. नाव काढणार का, हे मी विचारलं नाही. दारात म्हणाली, "येते," बस्स.

ती गेल्यावर वही टेबलावरच होती. मला वाटलं, फाडून टाकली असेल. पहिलं पान उघडलं. 'आधी कपडे, मग हात, मग घर' आणि दोन रेघा. त्याखाली निळ्या पेनानं, नवीन शाईत, दोन ओळी होत्या.

'मी विचारलं तर खरं सांगायचं. कितीही वाईट असलं तरी.'

'फोन वाजत असला तर वाजू दे. मी परत करीन.'

त्याच्या पुढच्या रविवारी मला गोदामाचं काम होतं. यायला सहा झाले. मोबाइल मी मुद्दाम घरी ठेवला होता, का ते मलाही सांगता येणार नाही. जिन्यात आलो तर आत फोन वाजत होता. घरात आता असं कुणी नव्हतं ज्याला माझ्या कपड्यांचं भय असावं. पिंजरा धुऊन माळ्यावर टाकला होता. तरी मी खिळ्याशी उभा राहिलो. गुंड्या निघता निघेनात. फोन वाजत राहिला. शेजारीण बाई वर येत होती, मला बघून मान वळवून उभी राहिली. डगला टांगला, पँट टांगली, पिशवीतले कपडे घातले. फोन थांबला.

नळाखाली हात धुतले. कोपरापर्यंत. साबण लावून परत धुतले. मग कुलूप काढून आत गेलो आणि खुर्चीत बसलो.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. मग फोन वाजला.

"कपडे?" तिनं विचारलं.

"बाहेर."

"हात?"

"दोनदा."

पलीकडे कुठल्यातरी वॉर्डातल्या ढकलगाडीचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "बरं. मला दहा मिनिटं आहेत. जेवलास का?"